काळ्या गुळाचं गिऱ्हाईक

खारघरला लेकीकडे राहायला गेलो की संध्याकाळी मला सोसायटीखालच्या दुकानात पाठवतात. माणूस रिटायर झाला की घरच्यांना त्याचे पाय फार आठवतात. मागे एकदा तिथल्या काचेच्या कपाटात पुठ्ठ्याच्या देखण्या डबीत गूळ दिसला. रंग काळपट तांबडा, डबीवर हिरवं पान छापलेलं, खाली 'केमिकल फ्री'. मी बघतोय म्हटल्यावर काउंटरवरच्या मुलीने आपण होऊन फायदे सांगायला सुरुवात केली. लोह असतं, रक्त वाढतं, पचनाला चांगला, आणि काका, डायबेटिसवाल्यांनाही चालतो. शेवटचं खोटं होतं, पण तिला तसं शिकवलेलं असणार. हे सगळे फायदे, अगदी डायबेटिससकट, मी पूर्वी एका माणसाच्या तोंडून ऐकले होते. काडेपेटी घेतली आणि घरी आलो.

त्यानंतर या अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, तुम्ही वाशीच्या मार्केटात आयुष्य काढलंत, बिनखताच्या, बिनरसायनाच्या मालाचा बाजार कसा वाढत गेला त्यावर लिहा. कसा वाढला ते मला खरंच माहीत नाही. नव्वदच्या दशकात एका हंगामात तो वाढला असं मला वाटलं होतं, तेवढं सांगतो.

मी गुळाच्या गाळ्यावर विक्रीला होतो. मार्केट मस्जिद बंदरहून वाशीला आलं, त्याच्या मागोमाग मीही बेलापूरला खोली घेऊन राहिलो. माल आमचा नव्हता. गावाकडून गुऱ्हाळवाले ढेपा पाठवायचे, आम्ही त्या किराणावाल्यांना विकायच्या आणि शेठने आपली आडत कापून घ्यायची. ढेप विकायची रीत सोपी. तिच्यावरचं कापड बाजूला करायचं, कडेला सुरीने एक खाप काढायची आणि ती गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. गिऱ्हाईक ती घेऊन गाळ्याच्या दारापर्यंत जातं, उजेडात धरतं, मान हलवतं किंवा हलवत नाही. खाप तोंडात टाकणारं गिऱ्हाईक मला वर्षानुवर्षं भेटलं नाही. आमच्या धंद्यात गूळ डोळ्यांनी खातात.

डोळ्यांना पिवळा लागतो. सोन्यासारखा पिवळा. आणि उसाचा रस आटवला की तो सोन्यासारखा होत नाही, तांबडा होतो, कधी चांगला गडद होतो. म्हणून काहिलीत, रस आटवायच्या मोठ्या कढईत, पावडर टाकतात. तिचं खरं नाव लांबलचक आहे, पण गुऱ्हाळावर आणि मार्केटात सगळे तिला पावडरच म्हणायचे. मूठभर टाकली की काहिलीतला तांबडा रस डोळ्यांदेखत पिवळा पडतो आणि नाकाला झणका बसतो. किती टाकावी याचं माप असतं म्हणे, पण चुलाणाच्या धगीत उभ्या असलेल्या माणसाच्या हाताला माप नसतं. गंमत म्हणजे वाशीच्या खाडीची दमट हवा लागली की हाच पिवळा गूळ काही दिवसांत पुन्हा काळवंडायला लागतो. तोवर तो किराणावाल्याच्या दुकानात गेलेला असतो, म्हणजे आमचा प्रश्न मिटलेला असतो.

काळ्या गुळालाही गिऱ्हाईक होतं, नाही असं नाही. तबेलेवाले म्हशींसाठी नेत. आणखी एक गिऱ्हाईक होतं, त्याचं नाव मार्केटात मोठ्याने घेत नसत. हातभट्टी. काळा गूळ विकणाऱ्या गाळ्याकडे लोक जरा तिरकं बघायचे ते त्यामुळेच. आमचे शेठ कच्छकडचे, देवभोळे आणि तितकेच भित्रे. ते काळ्या ढेपेला शिवत नसत.

अशा गाळ्यावर मारुतीअण्णाने काळा गूळ पाठवला.

अण्णा माझ्या गावचा, कऱ्हाडच्या बाजूचा. तीन भावांचं सामाईक गुऱ्हाळ आणि काहिलीवर अण्णा. गुळव्या म्हणून त्याचं नाव होतं. उकळत्या रसाचा थेंब गार पाण्यात टाकायचा, बोटांत गोळी वळायची, ताटलीवर मारायची आणि तिच्या आवाजावरून सांगायचं, काढा आता. पंचक्रोशीत त्याच्याइतका पिवळा गूळ कुणाचा नव्हता. म्हणजे पावडरही कुणाची तेवढी नव्हती.

आमच्याकडे रीत अशी, की गुऱ्हाळावर आलेल्या माणसाला रिकामं पाठवायचं नाही. ओळखीचा असो वा वाटसरू, त्याला रस द्यायचा आणि काहील उतरली असेल तर गरम गूळ पळसाच्या पानावर द्यायचा. माळकरी असो, फौजदार असो, दुष्मनाचं पोर असो. एकदा अण्णाची थोरली लेक दिवस गेलेली माहेरी आली होती. तिला गरम गुळाचे डोहाळे लागले. ती पान घेऊन काहिलीपाशी येऊन बसली आणि अण्णाच्या तोंडून गेलं, "ह्यातला नगं खाऊस." तिने विचारलं, का? ह्याला सांगता येईना. त्याच्या शेजारी दोन पाहुणे तोच गूळ बोटं चाटून खात होते, त्यांच्याकडे बघवेना.

मला हे त्याने फोनवर सांगितलं. त्या काळी एसटीडी बूथवरून लोक मयत आणि बारसं एवढंच सांगत. अण्णाने हे सांगायला पैसे घातले, म्हणजे त्याला किती लागलं असेल ते मला कळलं.

पावडर बंद करायची म्हटल्यावर भाऊ बिथरले. शेवटी ठरलं, एक हंगाम बघू. अण्णाचा बिनपावडरीचा गूळ होळीपर्यंत पिवळ्याच्या भावाने खपला तर पुढे तसाच करायचा, नाहीतर अण्णाने पुन्हा तोंड उघडायचं नाही. खपवायचा कुणी? मुंबईला शंकर आहे की. शंकर म्हणजे मी.

पहिला ट्रक आला तेव्हा हमालांची करमणूक झाली. ढेपा नेहमीच्या पांढऱ्या मांजरपाटात नव्हत्या. आपला माल वेगळा ओळखू यावा म्हणून अण्णाच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, गावातल्या बायकांची जुनी लुगडी गोळा करून, धुऊन, फाडून त्यात ढेपा बांधल्या होत्या. हिरवी, जांभळी, काठाची, फुलाफुलांची फडकी. आमचे हमाल सगळे साताऱ्याकडचे. त्यातला एक पाठीवर ढेप घेता घेता म्हणाला, "शंकरदादा, गूळ हाय का बाळंतविडा?"

शेठनी एक फडकं उचलून आत पाहिलं आणि लगेच झाकलं. "शंकरभाऊ, हा काय आणला? लोक काय बोलणार? मेरेकू टेन्शन नको."

मी त्यांना सगळं समजावलं. त्यांनी कपाळाला हात लावला, पण माझी बरीच वर्षं तिथे गेली होती, म्हणून मागचा कोपरा दिला. तोही होळीपर्यंतच.

किराणावाले खाप उजेडात धरायचे आणि माझ्याकडे असे बघायचे, जणू मीच आजारी आहे. म्हणून मी रविवारी ढेपा घेऊन नेरूळच्या सोसायट्यांत जायला लागलो. तिथे सुलभाताई नावाच्या बाईंचं मंडळ होतं. त्यांनी पेपरात रसायनांबद्दल वाचलं होतं आणि भाजी मिठाच्या पाण्यात भिजवून घ्यायच्या. मला वाटलं, देवच भेटला. त्यांनी मंडळापुढे माझं भाषण ठेवलं. मी बोललो, बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग मी फडकं सोडलं.

"हा शिळा आहे का हो?" एकीने विचारलं.

"ताजा आहे, ताई. बिनपावडरीचा असाच असतो."

"बिनपावडरीचाच हवाय आम्हाला," सुलभाताई म्हणाल्या, "पण थोडा पिवळा नाही का मिळणार? पाहुण्यांसमोर ठेवायला?"

तरी भिडेखातर घेतला. पुढच्या रविवारी दोघी-तिघी परत द्यायला आल्या. गुळाला पाणी सुटलं होतं, मुंग्या लागल्या होत्या. वाण्याकडच्याला एवढ्या लागत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. मुंग्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. गूळ परत घेतला. चार घरं मात्र टिकली, सुलभाताईंचं धरून. पण चार घरांवर एक काहील चालत नाही.

संक्रांत आली. तीळगुळाच्या दिवसांत सगळ्या गाळ्यांवरचा गूळ उडतो, माझा कोपरा तसाच. मी दमलो होतो. आठवडाभर शेठचा पिवळा विकायचा, रविवारी अण्णाचा काळा वाहायचा. फोनवर अण्णा विचारायचा, "मुंबैकर काय म्हनत्यात?" मी म्हणायचो, चाललंय.

आणि मग तो माणूस आला. फिकट निळा सफारी, खिशाला पेन, बोलणं मऊ. मी मनातल्या मनात त्याला सफारीसाहेब म्हणायला लागलो. त्याने सरळ मागच्या कोपऱ्याकडे बोट केलं. मी खाप काढून दिली. तो दारापर्यंत गेलाच नाही. त्याने ती तोंडात टाकली, डोळे मिटून चघळली आणि म्हणाला, "पावडर नाही यात."

गाढवाला गुळाची चव काय, असं म्हणतात. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला माणूस भेटला होता. उरणकडे त्याचं दुकान होतं म्हणे. आरोग्याच्या वस्तूंचं. लोक आता जागे होत आहेत, असं तो म्हणाला. लोह, रक्त, पचन, डायबेटिस, सगळं त्याने मला सांगितलं. त्याने काही ढेपा नेल्या. पुढच्या आठवड्यात टेम्पो आणला. मग टेम्पो आठवड्यातून दोनदा यायला लागला. भावाला घासाघीस नाही, रंगाबद्दल शब्द नाही.

मी हवेत होतो. कॅन्टीनमध्ये चहा पिता पिता मी लोकांना भविष्य सांगायला लागलो, बघा, पाच वर्षांत पिवळ्याला कुत्रं विचारणार नाही. अण्णाला फोन केला, उरणकडे मोठं मार्केट तयार झालंय, माल कमी पडतोय. त्याने मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "भावांना सांगतो. शेजारचा आबा बी इचारत हुता, पावडर सोडू का म्हनून." त्याने त्याच आठवड्यात दुसरी काहील चढवली. फोन ठेवताना म्हणाला, "लेकीला बोलावून घेतो. बाळ-बाळंतीन दोघंबी येऊ देत गुऱ्हाळावर."

आता तुम्ही म्हणाल, मार्केटात केस पिकवलेल्या माणसाला काळा गूळ कुठे जातो ते कळू नये? शेठच्या मालाचं असतं तर दारातच वास आला असता. पण हा अण्णाचा गूळ होता. तो काळा आहे हे मी कधीच विसरलो होतो. माझ्या लेखी तो शुद्ध होता, आणि शुद्ध वस्तू शुद्ध माणसाकडेच जाणार असं मी धरून चाललो होतो.

आमच्या बेलापूरच्या चाळीत हिराबाय मासळी विकायला यायची. उरणजवळच्या मोरा बंदराची, सकाळच्या बसने टोपली घेऊन यायची. तिचं आणि आमच्या घरच्यांचं चांगलं जमायचं. तिच्या सुनेला दिवस भरत आले होते, म्हणून घरच्यांनी तिला अण्णाच्या गुळाचा खडा दिला, एका जांभळ्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून. हिराबायने गूळ बाजूला ठेवला आणि फडकं हातात धरून बघत राहिली. मी दाढी करत होतो.

"दादा, ही फडकी तुमचीच काय?"

"आमच्या गावची. का गं?"

"आमचे खाडीन, तिवरांचे मागं, दोरीवर वालत घातलेली हायेत. अशीच. हिरवी, जांबली, काठाची. मना वाटलं, कुना बायांची लुगरी चोरून आनली."

"तिवरांत कोण राहतं?"

"रातो कोन नाय, दादा. थं भट्टी हाय. माजा नवरा थंच पडलेला असतो."

एवढं बोलून तिने गुळाचा खडा फडक्यातून काढला, पदरात बांधला आणि फडकं घडी करून उंबऱ्यावर ठेवलं. गूळ टाकून दिला नाही. सुनेचं बाळंतपण होतं.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. हमाल ढेपा चढवत होते. मी सफारीसाहेबाला बाजूला घेतलं आणि विचारलं, साहेब, दुकान कुठे आहे तुमचं, एकदा बघायचं आहे. तो हसला. चिडला वगैरे अजिबात नाही.

"कुणीतरी सांगितलेलं दिसतंय."

"तुम्ही मला एवढे फायदे सांगितले."

"ते पुस्तकातले होते. बाकी मी तुमच्याशी खोटं बोललो नाही, शंकरराव. मला बिनपावडरीचाच लागतो. पावडरीचा गूळ नीट आंबतच नाही. पिंपं नुसती बसून राहतात, मेहनत फुकट जाते. सगळं मार्केट पालथं घातलं, तुमच्या अण्णांइतका स्वच्छ माल कुणाकडे नाही." त्याने खिशातलं पेन नीट केलं. "त्यांना माझा नमस्कार सांगा."

मी ढेपा उतरवायला सांगितल्या. हमालांनी मला आणि माझ्या खानदानाला बोल लावले, पण उतरवल्या. शेठ गादीवरून बघत होते. टेम्पो गेल्यावर म्हणाले, "माल किधर जातो हे विचारणारा दुकानदार मी लाइफमध्ये पहिला बघितला." मग आवाज खाली आणून म्हणाले, "बरा केला. पण होळीला कोपरा खाली पाहिजे."

यात शौर्य काही नव्हतं. हिराबाय दर दोन दिवसांनी माझ्या दारात बसून मासळी कापणार होती, आणि मला त्याच दारातून ये-जा करायची होती.

अण्णाला फोनवर सांगायची हिंमत झाली नाही. ये म्हटलं. तो दुसऱ्या काहिलीचा माल भरलेल्या ट्रकमधूनच आला, ड्रायव्हरच्या शेजारी बसून, धुतलेलं धोतर आणि नवा पटका घालून. त्याला उरणचं दुकान बघायचं होतं. मागच्या कोपऱ्यात ढेपेवर बसवून मी त्याला सगळं सांगितलं.

त्याने एक ढेप सोडली, खडा मोडला, अर्धा तोंडात टाकला, अर्धा मला दिला. बराच वेळ चघळत होता.

"चव तर हाय की," म्हणाला.

"आहे, अण्णा."

"त्यानं नमस्कार सांगितला म्हनालास?"

"हो."

अण्णा हसायला लागला. हसता हसता खोकला लागला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी हसत होता. "पारख हाय लेकाला," म्हणाला. बाहेर हमालांच्या गाड्यांचा खडखडाट चालला होता. त्याने ढेपेवरच्या फडक्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा सोडली.

"शंकर, आता गुऱ्हाळावर येनाऱ्याला काय सांगू रं?"

मला अजूनही वाटतं, त्या वेळी मी काहीतरी बोलायला हवं होतं. धीर धर, पुढच्या वर्षी बघू, असं काहीही. पण मी इतका थकलो होतो की मला तेवढं खोटंही सुचलं नाही. तो रात्रीच्या गाडीने गेला. उरलेला गूळ एका तबेलेवाल्याने नेला. म्हशींनी रंगाबद्दल तक्रार केली नाही.

पुढच्या हंगामात ट्रक आला तेव्हा ढेपा पांढऱ्या मांजरपाटात होत्या आणि गूळ सोन्यासारखा होता. शेठनी खाप उजेडात धरली आणि मान हलवली. त्या वर्षी मी गावी गेलो तर अण्णाने नवीनच सुरू केलं होतं. गुऱ्हाळापासून लांब, पार डांबरी रस्त्याच्या कडेला त्याने मांडव घालून रसाच्या घागरी ठेवल्या होत्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला तिथेच थांबवायचा, पोटभर रस पाजायचा आणि वाटेला लावायचा. गावात कौतुक होतं, अण्णा केवढा दिलदार, रस रस्त्यावर आणून देतो. मीही त्या मांडवात उभा राहून रस प्यायलो. काहिलीपर्यंत कुणी येऊ नये म्हणून तो मांडव होता.

अण्णाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. गुऱ्हाळ त्याचा धाकटा मुलगा संजय चालवतो; त्या हंगामात तो अगदी लहान होता. त्या डबीवाल्या दुकानातून आलो त्याच आठवड्यात त्याचा फोन आला. नेहमीसारखी खुशाली विचारली, मग म्हणाला, "काका, काळ्या गुळाला आता लय मागनी हाय. पुन्याचा एक व्यापारी दारात येऊन बसलाय. आमी काळा करायचं म्हनतोय. तुमी मार्केटात हुता, तुमाला म्हाईत असंल. काळा व्हायला कंची पावडर टाकायची?"

"काही टाकायचं नाही, संजय," मी म्हणालो. "काहीच न टाकता होतो."

मी त्याची चेष्टा करतोय असं त्याला वाटलं असावं.

"काहीच न टाकता," तो म्हणाला, "गूळ व्हतो कसा, काका?"

मी विकणारा माणूस. ज्याला विचारायचं तो रस्त्याच्या कडेला लोकांना रस पाजत राहिला, आणि त्याला ते कुणी विचारलं नाही.